शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान... आणि पुढे? (कादंबरीतल्या प्रतीकांवर निबंध)

अर्धविराम

साहित्याच्या पेपरसाठी १५०० शब्दांचा निबंध द्यायचा आहे. कादंबरी विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' (१९५४), विषय 'प्रतीकं आणि आशयसूत्र'. (निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांची गोष्ट: राल्फ त्यांनी निवडलेला प्रमुख, जॅक त्याचा प्रतिस्पर्धी, आणि पिगीच्या चष्म्याच्या भिंगाने मुलं आग पेटवतात.) कच्चा मसुदा असा: प्रस्तावना, मग शंख (लोकशाही), पिगीचा चष्मा (विज्ञान), आग (सुटकेची आशा), डुकराचं मुंडकं (माणसातली दुष्टता), प्रत्येकी साधारण ३०० शब्द, शेवटी समारोप. त्यावर शेरा आला आहे: "ही यादी झाली. तुमचं म्हणणं काय?"

प्रश्न तीन. प्रतीकं किती घ्यायची? आशयसूत्र कसं मांडायचं? आणि गोष्ट सांगत न बसता पुरावा कसा द्यायचा?

तळटीप

शेरा रास्त आहे. मसुद्यात चार बरोबरची चिन्हं आहेत, बाकी काही नाही. 'शंख = लोकशाही' एवढं लिहून झालं की त्या वाक्याला पुढे सरकायला जागाच उरत नाही. मग उरलेले २८० शब्द भरायला कथानक येतं. तुमचा तिसरा प्रश्न इथूनच निघाला आहे.

एक प्रतीक घ्या. फार तर दोन, आणि दुसरं घेतलंत तर ते पहिल्याशी भांडणारं हवं. चार घेतली की प्रत्येकाची फक्त ओळख करून देता येते.

लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. कोऱ्या कागदावर चार रकाने: प्रकरण, वस्तू कोणाच्या हातात, तिथे तिचं काय होतं, मागच्या नोंदीपेक्षा काय बदललं. चौथा रकाना भरताना अडलात तर ती नोंद निबंधात घ्यायची नाही. शंखाचा तक्ता असा होईल:

प्रकरण १: शंख दिसतो राल्फला, पण ती वस्तू काय आहे आणि ती कशी फुंकतात हे पिगीला ठाऊक. पिगीला दमा, म्हणून फुंकतो राल्फ. माहिती एकाची, आवाज दुसऱ्याचा, आणि मान आवाजाला. लगेच मतदान होतं. मुलं राल्फला निवडतात त्यामागे त्याची अंगकाठी आहे, दिसणं आहे, आणि त्याहूनही जास्त त्याच्याजवळचा शंख आहे, असं निवेदकच सांगतो.

प्रकरण २: ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचं, हा नियम ठरतो. त्याच प्रकरणात जॅक पिगीला दटावतो की डोंगरावर शंख चालत नाही.

प्रकरण ५: सभा उधळते. पिगी राल्फला शंख फुंकायला सांगतो. राल्फ फुंकत नाही. फुंकला आणि कोणी आलंच नाही, तर सगळं संपलं ही त्याची भीती.

प्रकरण ८: जॅक स्वतः शंख फुंकतो (धड फुंकताही येत नाही त्याला), सभा बोलावतो आणि राल्फला काढायचं असेल त्यांनी हात वर करा म्हणतो. एकही हात वर होत नाही. तो शंख जपून गवतात ठेवतो आणि निघून जातो. पुढे बरीच मुलं गुपचूप त्याच्याकडे जातात.

प्रकरण ९: जॅकच्या मेजवानीत पुन्हा तेच, बेटाच्या या टोकाला शंख चालत नाही.

प्रकरण १०: रात्रीचा हल्ला. पिगीला वाटतं शंख न्यायला आले. ते चष्मा घेऊन जातात.

प्रकरण ११: वरून लोटलेली शिळा, पिगीचा मृत्यू आणि शंखाचा चुरा, एकदमच.

आता हा तक्ता समोर ठेवून 'शंख म्हणजे लोकशाही' हे वाक्य पुन्हा वाचा. पहिल्याच प्रकरणात ते डळमळतं, कारण मतदानात मुलांवर विचारापेक्षा मोहिनीचा जास्त जोर आहे. आणि 'इथे चालत नाही' ही सवलत जॅक शेवटी नाही, दुसऱ्याच प्रकरणात घेऊन मोकळा झालाय. तुमचा निबंध तिथे आहे.

आशयसूत्राचं म्हणाल तर 'सत्ता', 'क्रौर्य', 'निरागसता हरवणं' हे नुसते विषय. आशयसूत्र म्हणजे त्या विषयाबद्दल कादंबरी काय म्हणते, पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट. कसोटी साधी आहे. हीच कादंबरी नीट वाचलेला माणूस तुमच्या वाक्याला "मला नाही पटत" म्हणू शकतो का? म्हणू शकत नसेल तर त्या वाक्यात दम नाही. 'माणसात चांगलं-वाईट दोन्ही असतं' यावर कोण कशाला भांडेल?

शाईडाग

+१. फक्त एक धोक्याची सूचना. असा प्रकरणवार तक्ता हाती आला की मुलं निबंधही प्रकरणवार लिहितात. पहिला परिच्छेद प्रकरण १, दुसरा प्रकरण २, आणि झाली गोष्ट सांगून. तक्ता निबंधात उतरवायचा नसतो, त्यातून मुद्दा काढायचा असतो.

मसुदा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर ओळीने उतरवा. 'त्यानंतर', 'पुढे', 'मग एके दिवशी' असे शब्द दिसले की समजा, कथानक घुसलंय. ती सहा-सात वाक्यं सलग वाचून युक्तिवाद कळला पाहिजे, कादंबरी न वाचलेल्यालासुद्धा.

तळटीप

@शाईडाग, मान्य, पण काळाचा क्रम पूर्ण सोडूही नये. बदलत जाणारं प्रतीक असेल तर बदलाची दिशा हाच युक्तिवाद असतो. क्रम ठेवा, फक्त परिच्छेदाची सुरुवात घटनेने न करता दाव्याने करा. 'प्रकरण ५ मध्ये सभा भरते' याऐवजी 'शंख न फुंकण्यातच राल्फ त्याची मर्यादा कबूल करतो'. घटना तीच, क्रमही तोच, पण आता वाक्याला उत्तर देता येतं.

पानउलटे

१५०० शब्दांची वाटणी साधारण अशी ठेवा: प्रस्तावना १४०, मुख्य परिच्छेद चार, प्रत्येकी २७०, विरोधी वाचनाला १६०, समारोप १२०. बेरीज बरोबर १५०० होते. दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, पण प्रस्तावना २०० च्या वर गेली की बहुतेक वेळा त्यात लेखकाचं चरित्र शिरलेलं असतं. गोल्डिंग शाळेत शिकवत होते, दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते, १९८३ मध्ये नोबेल मिळालं, हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही तुमचा दावा सिद्ध करत नाही. फार तर नौदलाचा उल्लेख शेवटच्या प्रकरणातल्या अधिकाऱ्याच्या संदर्भात एका वाक्यात.

२७० शब्दांच्या परिच्छेदात पुरावा किती आणि त्यावरचं भाष्य किती, हे प्रमाण बहुतेक निबंधांत उलटं पडतं. प्रसंग समजायला एक-दोन वाक्यं, अवतरण आठ-दहा शब्दांचं, आणि त्यानंतर निदान पाच-सहा वाक्यं त्या अवतरणातल्या नेमक्या शब्दांवर. उदाहरणासाठी प्रकरण १० घेऊ. नेहमी येतं ते असं:

"या प्रकरणात जॅक आणि त्याचे साथीदार रात्री हल्ला करतात. अंधारात मोठी मारामारी होते. ते पिगीचा चष्मा चोरून नेतात. यावरून विज्ञानावर जंगलीपणाचा विजय झालेला दिसतो."

तीन वाक्यं गोष्ट, एक वाक्य निकाल. मधला विचार गायब. हेच असं लिहिता येईल:

"प्रकरण १० येईपर्यंत शंखाची पत इतकी उतरली आहे की तो चोरावा असंही कोणाला वाटत नाही. हल्ला शंखासाठी झाला अशी पिगीची समजूत आहे. राल्फ धावत जाऊन पाहतो, तर शंख प्रमुखाच्या जागेजवळ होता तसाच लकाकतो आहे. तो शाबूत असणं हाच इथे पराभव आहे. शत्रूला शंख पळवावासा वाटला असता, तर निदान त्याचं महत्त्व दोन्ही बाजूंना मान्य आहे असं ठरलं असतं. हल्लेखोर नेतात ती वस्तू वापरायला कोणाची संमती लागत नाही: भिंग उन्हात धरलं की काम करतं, धरणारा कोणी का असेना. शंखाचं तसं नाही. ऐकणारे नसतील तर तो नुसता शिंपला आहे."

यात 'प्रतीक' हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी सगळं बोलणं प्रतीकाबद्दलच आहे. आणि शंख-चष्मा ही जोडी आपोआप जमली. 'तळटीप' म्हणतात ते भांडणारं दुसरं प्रतीक हेच.

खोडरबर

दोन शंका.

एक, चष्म्याची. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याची भिंगं अंतर्वक्र. त्यांनी किरण फाकतात, एकवटत नाहीत. त्या चष्म्याने आग पेटणारच नाही! मग 'चष्मा = विज्ञान' हे विज्ञानाच्याच दृष्टीने चूक नाही का?

दोन, हे सगळं लेखकाला म्हणायचं होतंच कशावरून? शंख हा शंखही असू शकतो.

तळटीप

चष्म्याबद्दलचं भौतिकशास्त्र बरोबर आहे आणि ती कादंबरीतली जाणकारांना ठाऊक असलेली चूक आहे. निबंधात तिचा उपयोग जेमतेम एका टीपेपुरता. गोष्टीच्या जगात चष्म्याने आग पेटते, मुलं ते गृहीत धरतात, त्यासाठी एकमेकांवर हात उचलतात. प्रतीक त्या जगाच्या नियमांनी चालतं. त्या चुकीवर अख्खा परिच्छेद खर्च केलात तर परीक्षकाला तुमची हुशारी दिसेल, पण मुद्दा दिसणार नाही.

दुसरी शंका जास्त कामाची आहे. एखादी वस्तू प्रतीक म्हणून वाचावी का, हे ठरवताना लेखकाच्या मनात शिरायची गरज नसते, पानावर पुरावा शोधायचा असतो. ती वस्तू पुन्हा पुन्हा येते का? मोक्याच्या जागी येते का, म्हणजे आरंभी, शेवटी, एखादं पात्र मरतं तिथे? कथानकाला लागतं त्याहून जास्त लक्ष निवेदक तिच्याकडे देतो का, रंग, चमक, स्पर्श वगैरे? आणि मला सगळ्यात भरवशाची वाटते ती खूण: पात्रं स्वतः तिच्या अर्थावरून भांडतात का? 'इथे शंख चालत नाही' हे वाक्य म्हणजे पात्रांनीच केलेली प्रतीकाची चर्चा आहे. यातल्या दोन गोष्टी तरी दाखवता आल्या तर निर्धास्त लिहा. एकही दाखवता आली नाही तर शंख शंखच राहू द्या.

म्हणून 'लेखकाला असं सुचवायचं आहे' हे शब्द निबंधातून काढून टाका. 'कादंबरी दाखवते', 'निवेदन इथे थांबतं', 'वाचकाला आधी हे कळतं आणि राल्फला नंतर' असं लिहा.

अर्धविराम

तक्ता केला, दुसरं प्रतीक म्हणून चष्मा घेतला. मुख्य विधानाचे दोन प्रयत्न:

(१) शंख हे लोकशाहीचं प्रतीक असून त्याच्या फुटण्यातून कादंबरी लोकशाहीचा ऱ्हास दाखवते.

(२) शंखात स्वतःची ताकद नाही, मुलं मानतात तोवरच ती आहे. म्हणून कादंबरी नियम मोडणाऱ्या जॅकपेक्षा नियम मानणाऱ्या पण त्यासाठी उभं न राहणाऱ्या मुलांना जास्त जबाबदार धरते.

शाईडाग

पहिलं केराच्या टोपलीत. दुसरं फर्मास, पण 'जास्त जबाबदार धरते' हे सिद्ध करावं लागेल. जॅकवर कादंबरी काही मेहेरबान नाही.

पानउलटे

दुसऱ्या विधानाचा कणा प्रकरण ८ मध्ये आहे. जॅक उघडपणे विचारतो तेव्हा एकही हात वर होत नाही, म्हणजे नियमाने राल्फ जिंकला. आणि नंतर तीच मुलं अंधारात एकेक करून सटकतात. मत आणि कृती यांच्यामधली ही फट दाखवा, विधान आपोआप उभं राहील. जॅक शंख फेकून देत नाही, जपून ठेवतो, हा तपशीलही सोडू नका. बंडखोरसुद्धा त्या क्षणापर्यंत शंखाला मानतोय. प्रकरण ८ ला दोन परिच्छेद द्यायला हरकत नाही, सगळ्या प्रसंगांना सारखा न्याय द्यायचा नसतो. प्रकरण ९ चा उल्लेख अर्ध्या वाक्यात उरकला तरी चालेल.

'जास्त जबाबदार' ऐवजी 'जॅकच्या बंडाइतकंच' केलंत तर विधान थोडं मवाळ होईल, पण निभावेल.

खोडरबर

विरोधी वाचनाचे १६० शब्द कशावर खर्च करायचे? 'काहींच्या मते शंख हे फक्त शंख आहे' असलं पोकळ काहीतरी लिहून ते खोडून काढणं म्हणजे नुसती कवायत.

तळटीप

बरोबर, विरोध खरा हवा. इथे तो पुस्तकातच आहे. वाचक म्हणू शकतो की मुलं पाच-सहा वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची आहेत, भेदरलेली आहेत, जॅककडे मांस आहे आणि भाले आहेत. 'उभं राहिली नाहीत' म्हणून त्यांना दोष देणं अन्याय आहे. हा आक्षेप वजनदार आहे. त्याला पूर्ण उडवून लावू नका, अर्धा मान्य करा: भीती खरी आहे, पण प्रकरण ८ मधल्या सभेत भाले रोखलेले नाहीत आणि नकार द्यायला कोणी घाबरलंही नाही. निसटणं त्यानंतरचं आहे. एवढं दाखवलंत की तुमचं विधान आक्षेप पचवून जास्त नेमकं होतं. विरोधी परिच्छेदाचं काम तेवढंच.

शाईडाग

अवतरणांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून:

निबंध मराठीत आणि कादंबरी इंग्रजीत असेल तर भाषांतर कोणाचं हे एकदा टीपेत सांगा. स्वतःचं असेल तर 'भाषांतर माझं'. एका शब्दावर मुद्दा उभा असेल तर तो शब्द मूळ मजकुरात तपासा, भाषांतरावर विसंबू नका. पानांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून प्रकरण क्रमांक द्या आणि पान एकाच आवृत्तीचं द्या. परिच्छेद अवतरणाने सुरू करू नका, संपवू तर नकाच. शेवटचा शब्द तुमचा हवा. कादंबरीतल्या घटना वर्तमानकाळात: 'राल्फ फुंकत नाही', 'फुंकला नाही' नव्हे. काळ मध्येच बदलला की वाचणाऱ्याला लगेच खुपतं.

आणि आयती गाईडं बंद करून ठेवा. बरोबरची चिन्हं तिथूनच येतात.

वाचनवेडी

धागा उपयोगी आहे. थोडं अवांतर: कादंबरीत शंखासारखी हातात धरता येणारी वस्तू नसेल तर? उदा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५).

पानउलटे

@वाचनवेडी, तिथे जागा आणि ऋतू हे काम करतात. गावाने मिळून उभारलेली तालीम घ्या, आणि तिच्यासमोर दुष्काळ ठेवा. माणसांनी एकत्र येऊन बांधलेलं काहीतरी, आणि ती माणसंच उठवून लावणारा निसर्ग. तक्ता तोच, फक्त 'कोणाच्या हातात' या रकान्याऐवजी 'तिथे कोण आहे, कोण नाही' असं लिहायचं. पण दुष्काळ म्हटला की 'निराशेचं प्रतीक' असं लिहायचा मोह होतो, तो टाळा. दुष्काळ आधी खराखुरा दुष्काळ आहे, त्यात मेंढरं मरतात. वास्तववादी कादंबरीत वस्तूचा साधा अर्थ आधी पूर्ण मांडायचा, मग त्यातून जे वर येईल तेवढंच घ्यायचं.

अर्धविराम

समारोपावर अडलोय. जे म्हटलं तेच पुन्हा म्हणण्यापलीकडे काही सुचत नाही.

तळटीप

समारोपात एखादा न वापरलेला पुरावा आणा, छोटासाच. तुमच्या निबंधात आग अजून आलेली नाही. प्रकरण १२ मध्ये राल्फला हुसकून मारण्यासाठी जॅकची टोळी जंगल पेटवते, आणि त्याच धुरामुळे जहाज येतं. नियमाने राखलेल्या आगीने जे झालं नाही ते शिकारीच्या आगीने झालं. आणि सोडवायला येतो तो युद्धनौकेवरचा अधिकारी, म्हणजे मोठ्यांचं जगही तेव्हा युद्धातच आहे. आता तुमच्या विधानाला पुढचा प्रश्न विचारा: मोठ्यांच्या जगात शंख कोणाच्या हातात आहे? उत्तर द्यायलाच हवं असं नाही, पण १२० शब्दांत प्रश्न नेमका मांडता आला पाहिजे. तुमच्या जुन्या मसुद्यातली 'आग = सुटकेची आशा' ही ओळही इथेच मोडते, तेव्हा ती तशीच ठेवू नका.

पानउलटे

देण्याआधी फाईलमध्ये 'प्रतीक' हा शब्द शोधून बघा. १५०० शब्दांत आठ-दहापेक्षा जास्त वेळा सापडला तर प्रत्येक ठिकाणी विचारा की इथे त्या वस्तूने काय *केलं*, आणि ते क्रियापद घाला. 'दर्शवते', 'सूचित करते', 'प्रतिबिंबित करते' यांचीही तीच गत. शंख गोळा करतो, गप्प बसवतो, वाट बघायला लावतो, पडून राहतो, फुटतो. प्रस्तावना मात्र सगळ्यात शेवटी पुन्हा लिहा, कारण मुख्य विधान मसुदा होता होता बदललेलं असतं आणि पहिल्या पानावर जुनंच राहून जातं.